रावसाहेब आत आहेत

"मी कुठे उभा राहू?"

काका कुठल्याही घरात शिरले की त्यांचा पहिला प्रश्न हा. यजमानीण म्हणायची, "अहो काका, उभे कशाला राहता? बसा ना." मग ते बसायचे. पण बसण्याआधी खोलीवरून एकदा नजर फिरवायचे. दिवा कुठे आहे, दार कुठल्या बाजूला आहे, कोण कुणाशी बोलतंय. आणि नेमकी अशी खुर्ची शोधायचे की त्यांच्यामुळे कुणीही झाकलं जाणार नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या आमच्या मराठी मंडळाचे त्या काळातले फोटो तुम्ही पाहिलेत तर तुमच्याही लक्षात येईल. मधोमध अध्यक्ष, त्यांच्या बाजूला माजी अध्यक्ष, त्यांच्या बाजूला पुढच्या वर्षी होऊ घातलेले अध्यक्ष, सगळे छाती काढून उभे. काका अगदी कडेला, एक खांदा चौकटीबाहेर. आणि तरी बघणाऱ्याची नजर आधी त्यांच्याकडेच जाते. मी हे फोटो ओळखीपाळखीच्या बऱ्याच लोकांना दाखवले आहेत. सगळे आधी हेच विचारतात, "हे कोण?"

हे नट. उभा जन्म मराठी रंगभूमीवर काढलेला माणूस. नायक कधी नाही, खलनायकही नाही. गडी, मुनीम, पोस्टमन, कोर्टातला पट्टेवाला. सिनेमात गेले तेव्हा तिथेही तीच तऱ्हा. खोलीतून बाहेर येऊन चष्मा काढणारे आणि मान हलवणारे डॉक्टर ते. सगळी मारामारी संपल्यावर जीपमधून उतरणारे इन्स्पेक्टरही तेच. "मी वेळेवर पोचलो असतो तर सिनेमा मध्यंतरातच संपला असता," असं म्हणायचे. त्यांचं नाव सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ऐकल्यासारखं वाटतंय. चेहरा दाखवला तर म्हणाल, अरे, हे होय! म्हणून नाव सांगत नाही. त्यांनाही ते आवडलं असतं असं मला वाटतं.

बायको गेल्यावर त्यांच्या मुलीने, वसुधाने, त्यांना अमेरिकेत आणलं. ऐंशीच्या दशकातलं एडिसन ते. ओक ट्री रोडवर तेव्हा आपल्या लोकांची दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती, आणि रस्त्यावरून चालणारा माणूस तर दिसायचाच नाही. काका चालायचे. मफलर, कानटोपी आणि वसुधाच्या नवऱ्याचा दोन मापं मोठा कोट घालून रोज सकाळी गावात फिरायचे आणि माणसं बघायचे. टपालवाला खांद्यावरची पिशवी कशी पेलतो, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई हात कसा वर करते, हे घरी येऊन वसुधाला करून दाखवायचे. वसुधा फार्मासिस्ट होती. तिला कामावर जायची घाई असायची. ती म्हणायची, "छान बाबा," आणि गाडीची किल्ली शोधायची.

मी बँकेत काउंटरवर काम करत होते. एक दिवस आमच्या मॅनेजरने मला आत बोलावलं आणि काचेतून बोट दाखवलं.

"डू यू नो दॅट जेंटलमन?"

काका दाराजवळच्या कुंडीशेजारी उभे होते. मॅनेजर म्हणाला, हा माणूस गेला आठवडाभर रोज येतो, कुठलंही काम करत नाही, नुसता आमच्या गार्डकडे टक लावून बघतो आणि जातो. बँक, गार्ड आणि टक लावून बघणारा अनोळखी माणूस, याचा मॅनेजरने काय अर्थ लावला असेल ते मी सांगायला नको. मी धावत बाहेर गेले.

"काका, काय करताय?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"हा गडी सकाळपासून उभा आहे, पण अवघडलेला दिसत नाही. कसं जमवतो, विचार ना जरा."

मी विचारलं. गार्ड चांगला सहा फुटी, पिळदार मिशीचा माणूस. आधी त्याने भुवया उंचावल्या, मग त्याला हसू आलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत असतो, पण कमरेच्या वर काही कळू देत नाही. मी हे मराठीत सांगितल्यावर काका आनंदाने टाळीच द्यायला गेले. "हेच! दरबारात भालदार म्हणून उभं राहायचं तेव्हा आम्हीही हेच करायचो. त्याला म्हणावं, बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा. मुंग्या येत नाहीत." मग दोघे शेजारी शेजारी उभे राहून बुटांच्या आत बोटं हलवू लागले. बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं, फक्त दोघांचे चेहरे खुलले होते. मॅनेजर काचेमागून बघतच राहिला.

तेव्हाच मी मनाशी म्हटलं, या माणसाला नाटकात घेतलंच पाहिजे.

आमच्या मंडळाचं दरवर्षी एक नाटक व्हायचं आणि दिग्दर्शन माझ्याकडे असायचं. दिग्दर्शन म्हणजे फोन करणे. आज तालीम आहे, येताय ना, मुलाला ताप आहे का, बरं मग तुमची वाक्यं मी म्हणते. पात्रं कशी निवडायची याचाही एक अलिखित नियम होता. तालमी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये व्हायच्या आणि ज्याचं बेसमेंट त्याला नायकाचं काम. आमच्यातल्या एका हृदयरोगतज्ज्ञांचं बेसमेंट सगळ्यांत मोठं होतं, शिवाय त्याला गालिचा होता. त्यामुळे त्या वर्षीचे रावसाहेब ते. त्यांना आपण डॉक्टरच म्हणू.

नाटक साधं होतं. रावसाहेब नावाचा तापट बाप, त्याची एकुलती एक मुलगी, तिला बघायला येणारी मंडळी, आणि त्यांना एकेक करून पळवून लावणारे रावसाहेब. शेवटी बाप विरघळतो, लग्न ठरतं, पडदा. घरात एक म्हातारा गडी. त्याला वाक्यं मोजकीच.

मी वसुधाच्या घरी गेले आणि काकांना विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी नायकाचंच काम दिलंय.

"प्रवेश किती?"

"जवळजवळ सगळे, काका. पण बोलायला फारसं नाही."

"वा! म्हणजे ऐकायला भरपूर. मालक, आमचं काम ठरलं." नाटक कंपनीत दिग्दर्शकाला मालक म्हणायची पद्धत, म्हणून मी बाई असले तरी मालकच.

वसुधा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "नाही," ती म्हणाली. "बाबा, प्लीज. इथे तरी नको. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, तर पुन्हा गडी म्हणूनच ओळख करून द्यायची का?"

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने खाली बसले. मला पोचवायला वसुधा पार्किंगपर्यंत आली. तिला माझा राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण ती रडवेली झाली होती.

"शाळेत मला गड्याची मुलगी म्हणायचे," ती म्हणाली. "ते एक वेळ चाललं. पण माझ्या लग्नात काय झालं सांगू? सासरच्या एका पाहुण्यांनी बाबांना ओळखलं. सिनेमात पाहिलं होतं. भर मांडवात चुटकी वाजवून म्हणाले, 'काय रे ए, पाणी आण.' सगळे हसले. आणि बाबांनी काय करावं? म्हणाले, 'जी सरकार,' कमरेत वाकले आणि खरंच पाणी आणून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीचा बाप गं तो, त्या दिवशी! मी बोहल्यावर रडत होते आणि सगळ्यांना वाटत होतं, सासरी जायचं म्हणून रडतेय."

मी गाडीत बसून घरी आले.

चार दिवसांनी वसुधाचा फोन आला. "बाबा दिवसभर काही बोलत नाहीत. आजकाल चालायलाही जात नाहीत. तू त्यांना घे नाटकात. मी अडवणार नाही. पण मी बघायला येणार नाही, हे आधीच सांगते."

काका तालमीला येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "हा गडी या घरात कधीपासून आहे?"

"काका, ते नाटकात लिहिलेलं नाही."

"मग आपण ठरवू. रावसाहेब पाळण्यात होते तेव्हापासून. म्हणजे याला रावसाहेबांची भीती नाही, सवय आहे."

डॉक्टर ओरडायला लागले की बाकीची पात्रं दचकायची. काका दचकायचे नाहीत. डॉक्टरांचा हात टेबलावर आपटायला वर गेला की ते शांतपणे पुढे होऊन फुलदाणी उचलून घ्यायचे, हात आपटून झाला की परत ठेवायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा डॉक्टरांना स्वतःलाच हसू आलं आणि तालीम थांबवावी लागली. मुलाच्या बापाचं काम करणारा अरविंद दूरध्वनीच्या कंपनीत इंजिनियर होता. त्याची रोज एकच तक्रार, "माझी वाक्यं कट का केली, यार?" काकांनी आपलं एक वाक्य त्याला देऊन टाकलं. म्हणाले, "घ्या, मला जड होतं ते."

मी एकदा धीर करून त्यांना लग्नातलं विचारलं. "काका, का आणलंत पाणी?"

ते ओशाळून हसले. "टाळी होती ना तिथे, मालक. त्या माणसाने एन्ट्री दिली, ती सोडायची कशी?" मग म्हणाले, "वसूला लागलं हे फार उशिरा कळलं. तिने मला रंगमंचावर शेवटचं पाहिलं तेव्हा ती फ्रॉकात होती. मी मार खातोय एवढंच तिला दिसलं असणार. मोठी झाल्यावर एकदा तिने बघायला हवं होतं."

एका घरात राहत होते दोघं, तरी दर तालमीला मलाच विचारायचे, "वसू काही म्हणाली का? येणार म्हणाली का?" मी म्हणायचे, "येईल हो."

प्रयोग मार्चमधल्या शनिवारी दुपारी, गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मार्चमध्ये बर्फ पडू नये असं आम्हाला वाटत होतं, बर्फाला तसं वाटत नव्हतं. सकाळपासून जे सुरू झालं ते थांबेचना. पण मराठी माणूस नाटकाला येतोच. फिलाडेल्फियाहून आले, कनेटिकटहून आले, पोराबाळांसकट, पुलावाचे डबे घेऊन आले. बूट झाडत हॉलमध्ये शिरले आणि आपापल्या कोटांनी ओळखीच्यांसाठी जागा धरून बसले. वसुधाही आली, कारण तिचा नवरा कामानिमित्त ह्यूस्टनला गेला होता आणि काकांना गाडी चालवता येत नव्हती. शेवटच्या रांगेत, दारालगतच्या खुर्चीत बसली. कोटाची बटणंसुद्धा काढली नाहीत. मला म्हणाली, "बाहेर थंडी आहे म्हणून आत बसलेय. बघायला नाही."

सगळे आले, रावसाहेब सोडून.

डॉक्टर आदल्या दिवशी कसल्या तरी परिषदेसाठी बॉल्टिमोरला गेले होते. सकाळी निघून दुपारी पोचणार होते. पडदा उघडायची वेळ झाली तेव्हा शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला. डॉक्टर टर्नपाइक हायवेवरच्या पेट्रोल पंपावरून बोलत होते. "गाड्या हलतच नाहीयेत. मी येतोय, पण अजून तासभर तरी लागेल. थांबवून ठेवा."

थांबवणार कसं? सातला हॉल रिकामा करून द्यायचा होता. त्यानंतर तिथे शाळेच्या बँडची तालीम होती आणि शाळेचा माणूस आत्ताच दोनदा घड्याळ दाखवून गेला होता. मी विंगेत आले. सगळी पात्रं माझ्या तोंडाकडे बघत होती. काका कोपऱ्यात, डोक्याला मुंडासं, खांद्यावर पंचा. वसुधा तिथेच होती. त्यांची दुपारची गोळी आणि पाण्याची बाटली घेऊन आली होती.

मला एकदम सुचलं. "काका, तुम्हाला सगळं नाटक पाठ आहे. तुम्ही रावसाहेब करा!"

"हो बाबा!" वसुधा माझं बोलणं संपायच्या आत बोलली. तिचे डोळे चमकले. "करा ना. प्लीज करा. मी बसते पुढे येऊन."

काकांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. "आणि गडी?"

"गडी कुणीही करेल," मी म्हटलं.

"गडी कुणीही करेल, हे मी फार मालकांच्या तोंडून ऐकलंय," काका म्हणाले. रागावले नव्हते, उलट हसत होते. "मालक, रावसाहेब नसले तरी नाटक होईल. रावसाहेब घरात आहेत, आतल्या खोलीत आहेत, बाहेर येत नाहीत. लोकांना ते आहेत हे पटलं की झालं. ते मी पटवतो. अरविंदराव, तुम्ही तुमची वाक्यं त्या दाराकडे बघून म्हणा. बाकी माझ्यावर सोडा. मालक, तुम्ही आत एक भांडं घेऊन उभ्या राहा. मी पंचा झटकला की टाका खाली."

मग ते वसुधाकडे वळले. "वसू, तुला पुढे बसायचं तर बस, मागे बसायचं तर मागे बस. पण आज एकदा मला नीट बघ. मग जे बोलायचं ते बोल, मी ऐकेन."

ती जाऊन बसली. पुढे नाही, मागेच.

पडदा उघडला. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि काका दाराला कान लावून उभे होते. पाहुणे आले तसे ते वळले, अंदाज घेतला आणि हळूच म्हणाले, "रावसाहेब आत आहेत. सकाळपासून आतच आहेत. तुमचं नशीब चांगलं आहे."

पहिला हशा पडला.

अरविंदने बिचाऱ्याने दाराला हात जोडले. "नमस्कार, रावसाहेब!" काका आत गेले. बाहेर सगळे गप्प. काका परत आले तेव्हा त्यांचा एक खांदा जरासा पडलेला होता. "नमस्कार सांगितलाय," ते म्हणाले. "हसून नाही सांगितला."

मग मुलाचं शिक्षण, मुलाचा पगार, मुलाची उंची. दर प्रश्नाला काका आत जायचे आणि बाहेर यायचे. आत मी भांडं घेऊन उभी होते, मला माहीत होतं की तिथे कुणी नाही. तरी ते आत आले की मी नकळत बाजूला सरकत होते, रावसाहेबांना जागा द्यायला. अरविंद म्हणाला, "मुलगा अमेरिकेत स्थायिक व्हायचं म्हणतोय." काका आत आले, माझ्याकडे बघून पंचा झटकला. मी भांडं टाकलं. ते पंचाने तोंड पुसत बाहेर गेले आणि म्हणाले, "रावसाहेबांना आनंद झाला." सगळा हॉल खदखदून हसला. अमेरिकेत स्थायिक झालेलेच सगळे, का नाही हसणार? आता तर काकांनी नुसता दाराच्या कडीला हात लावला तरी लोक श्वास रोखत होते. रावसाहेब केवढे उंच आहेत, कुठल्या खुर्चीत बसलेत, कधी येरझाऱ्या घालतात, सगळं दिसत होतं. ते फक्त काकांच्या खांद्यांवरून, मानेवरून, चालण्यावरून.

पहिल्या अंकाच्या शेवटी रावसाहेबांचं एक लांबलचक भाषण होतं. मुलगी जाणार म्हणून बाप एकटाच बोलतो आणि रडतो. डॉक्टरांनी त्यावर फार मेहनत घेतली होती. ते आता कसं करणार, हे मला सुचत नव्हतं. नाटकातली मुलगी बापाला भेटायला दाराशी गेली. काका आतून बाहेर आले आणि त्यांनी दार पाठीमागे हळूच ओढून घेतलं. तिच्या वाटेत उभे राहिले. बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"आत्ता नका जाऊ, ताई," ते म्हणाले. "रावसाहेबांच्या डोळ्यात काहीतरी गेलंय."

बस्स. एवढंच. हॉलमध्ये पोरंसुद्धा गप्प झाली होती. मी विंगेतून शेवटच्या रांगेकडे बघितलं. वसुधा उभी होती. दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती, आणि तिचा कोट खुर्चीखाली पडला होता. मला स्वतःला इतकं भरून आलं की पडदा पाडायची खूण करायचं विसरले. अरविंदने शेवटी स्वतःच दोरी ओढली.

मध्यंतरात डॉक्टर पोचले. भुवयांवर बर्फ, पायात बूट, तसेच आले. कुणी त्यांना काही समजावून सांगण्याआधी त्यांनी कोट बदलला आणि दुसऱ्या अंकाला आतल्या दारातून बाहेर पडले. साक्षात रावसाहेब बाहेर आले म्हटल्यावर लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं, शिट्ट्या मारल्या. डॉक्टर दोन मिनिटं बोलू शकले नाहीत. आपल्या एन्ट्रीला अशी टाळी न्यू जर्सीत कुणाला पडली नसेल, असं ते अजूनही सांगतात, आणि ते खरंही आहे. काका तोवर पार कडेला जाऊन उभे राहिले होते. हात वर गेला, फुलदाणी उचलली. हात आपटला, फुलदाणी ठेवली.

नाटक संपल्यावर वसुधा रंगमंचामागे आली. काका मुंडासं सोडत होते. तिला बघून थांबले. एवढा मुरलेला माणूस, पण त्या क्षणी हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "ते खरे रावसाहेब बाहेर आले ना, ते मला खोटेच वाटले. आतले जास्त चांगले होते."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "डॉक्टरांसमोर बोलू नकोस," ते कुजबुजले, "बेसमेंट जाईल." आणि मग बापलेक दोघंही हसता हसता रडायला लागले. मीही रडले. अरविंद का रडत होता ते मला ठाऊक नाही.

सोमवारी बँकेत वसुधाचा फोन. "न्यूयॉर्कमध्ये सिनेमात छोट्या कामांसाठी माणसं कशी घेतात गं? कुणाला विचारायचं?" ती एकदा मागे लागली म्हणजे लागली. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीपुढे काकांना उभं करून तिने स्वतः फोटो काढले. समोरून, बाजूने, हसताना, न हसताना. सुट्टी टाकून त्यांना ट्रेनने मॅनहॅटनला नेलं, रांगांत उभी राहिली. हळूहळू कामं मिळाली. टॅक्सीवाला. हॉस्पिटलात फरशी पुसणारा. पेपर विकणारा. फार्मसीतल्या लोकांना ती आता ऐटीत सांगायची, "उद्या मी उशिरा येईन, माझ्या वडिलांचं शूटिंग आहे."

मग एका सिनेमात जुन्या इमारतीतल्या लिफ्टमनचं काम मिळालं. नायक-नायिका लिफ्टमध्ये भांडतात आणि हा बटणांकडे तोंड करून उभा, असा प्रसंग. काका शूटिंगहून परत आले ते खुशीत. मी विचारलं, "चेहरा दिसेल ना?"

"छे. पाठीमागून घेतलंय सगळं."

"अरेरे."

"अरेरे काय? कान दिसतो!"

तो सिनेमा लागायला बराच काळ गेला. त्याआधीच काका गेले. ऑक्टोबरात एक दिवस दुपारी जेवून आरामखुर्चीत पेपर वाचत बसले ते उठलेच नाहीत. आजार नाही, हाल नाहीत, कुणाला त्रास नाही. आमची बँक सोडून दुसरीकडे गेलेला तो गार्ड कुणाकडून तरी कळून अंत्यसंस्काराला आला आणि सगळा वेळ दाराशी ताठ उभा राहिला. मंडळाच्या शोकसभेत डॉक्टर बोलायला उठले आणि त्यांना बोलवेना. त्यांच्यासारख्या माणसाला बोलता येऊ नये, यातच काय ते आलं.

सिनेमा लागला तेव्हा वसुधा आणि मी मॉलमधल्या थिएटरात दुपारच्या खेळाला गेलो. थिएटर अर्धं रिकामं. वसुधाच्या पलीकडे एक अनोळखी अमेरिकन आजी पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने लिफ्ट आली. नायक आणि नायिका आत शिरले, दार लागलं, भांडण सुरू झालं. दोघंही देखणे, दोघंही तावातावाने बोलत होते. त्यांच्यामागे गणवेशातली एक पाठ, टोपीखाली थोडे पांढरे केस, आणि एक कान. नायिका काहीतरी लागेल असं बोलली आणि तो कान, मान, खांदा, सगळं किंचित थबकलं. लिफ्ट मजल्यावर आली तरी त्याने दार उघडलं नाही. बटणावर बोट तसंच ठेवून थांबला, या दोघांना आणखी एक संधी द्यावी म्हणून.

वसुधा पलीकडच्या आजींच्या खांद्यावर हात ठेवून वाकली.

"डोन्ट वॉच देम," ती म्हणाली. ती कुजबुजत होती, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. "वॉच द एलिव्हेटर मॅन. दॅट्स माय फादर."

आजींचा पॉपकॉर्नचा हात थांबला. त्या पुढे झुकल्या, आणि पुढच्या रांगेतले दोघेही मान उंचावून बघायला लागले.